आरएक्स 100 चा न्यूट्रल स्विच: 80 रुपयाचा, 340 रुपयाचा, आणि उद्यमनगरातल्या मामांचं काम

आमच्या कोल्हापूरच्या घरात 1994 ची यामाहा आरएक्स 100 आहे, अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. कारखान्यात नोकरीला असताना त्यांनी नवी घेतलेली ही पहिली आणि शेवटची मोटरसायकल, त्यानंतर घरात स्कूटी आली, माझी गाडी आली, चारचाकी आली, पण अण्णा आजही दूध आणायला, बँकेत पेन्शनच्या कामाला आणि महिन्यातनं एखाद्या रविवारी जोतिबाला हीच गाडी काढतात. वय 71. गुडघा दुखतो तरी किक मारायला कुणाला हात लावू देत नाहीत. या गाडीचा न्यूट्रल स्विच मला चार महिन्यात दोनदा बदलावा लागला, पहिल्यांदा चुकीचा पार्ट आणि चुकीचं काम, दुसऱ्यांदा बरोबर पार्ट आणि बरोबर काम, आणि आता दुसऱ्या कामाला आठ महिने झाले, मधे अख्खा पावसाळा गेला, म्हणून आता खात्रीनं लिहितोय. ज्यांच्याकडं जुनी आरएक्स आहे किंवा अशीच कुठलीही जुनी गाडी आहे त्यांना उपयोग होईल.

आधी हे सांगतो की मी एवढ्याशा स्विचच्या मागं का लागलो. गाडी न्यूट्रलला आहे, म्हणजे कुठल्याच गिअरमधे नाही, हे दाखवणारा मीटरमधला हिरवा लाइट आमचा मागच्या वर्षी पावसाळ्यापासनं पेटत नव्हता. अण्णा म्हणायचे मला पायालाच कळतं न्यूट्रल आहे का ते, तीस वर्षं चालवतोय. आणि खरंच कळायचं त्यांना. पण दिवाळी झाल्यावर एक दिवस दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला उभे असताना त्यांना वाटलं न्यूट्रल पडलं, क्लच सोडला, गाडी होती पहिल्या गिअरमधे. आरएक्सचा पहिला गिअर कसा आहे ते चालवणाऱ्याला सांगायला नको, 98 सीसीचं टू स्ट्रोक इंजिन पण गाडी हलकी आणि उचल अशी की एक झटका बसला, पुढच्या रिक्षाला चाक टेकलं आणि गाडी डाव्या अंगावर पडली. नशीब पाय खाली अडकला नाही. गुडघा सोलवटला, हाताला खरचटलं, रिक्षावाले दादा चांगले होते, त्यांनीच गाडी उचलून बाजूला लावली आणि मला फोन केला. मी गेलो तेव्हा अण्णा फुटपाथवर बसलेले आणि एकच वाक्य बोलले, "लाइट असता तर बघितला असता रे." त्या दिवसापासनं ते वाक्य माझ्या डोक्यातनं जाईना.

आता हा स्विच काम कसा करतो ते थोडं सांगतो, कारण ते कळलं की कुणी तुम्हाला उगाच मोठं काम सांगू शकत नाही. चावी ऑन केली की बॅटरीचा करंट फ्यूजमधनं आणि चावीतनं मीटरमधल्या छोट्या बल्बला जातो, बल्बमधनं एक वायर खाली इंजिनाकडं येते, यामाहाच्या गाडीत ती आकाशी रंगाची असते, आणि ती न्यूट्रल स्विचच्या टोकाला जोडलेली असते. हा स्विच म्हणजे एक प्लॅस्टिकचा गोल तुकडा, इंजिनाच्या डाव्या अंगाला, पुढच्या स्प्रॉकेटजवळ, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाजवळ, कव्हरच्या आत बसतो. त्याच्या पोटात धातूचा एक पॉइंट असतो. आत गिअरचा ड्रम आहे, तुम्ही पायानं गिअर टाकता तेव्हा तो ड्रम थोडा थोडा फिरतो. ड्रमच्या टोकालापण एक पॉइंट आहे. गाडी न्यूट्रलला आली की हे दोन पॉइंट बरोबर समोरासमोर येऊन टेकतात, वायरीला इंजिनाच्या बॉडीची अर्थ मिळते आणि बल्ब पेटतो. गिअर टाकला की ड्रम फिरला, पॉइंट सुटला, बल्ब विझला. एवढंच. कुठलं इलेक्ट्रॉनिक नाही, सेन्सर नाही, काही नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, हा स्विच जिथं बसतो ते इंजिनाला पाडलेलं भोक आहे आणि त्या भोकाच्या आत गिअरबॉक्सचं ऑइल आहे, म्हणजे हा स्विच लाइट पेटवतो आणि त्याच बरोबर बूच म्हणूनपण काम करतो. ही दुसरी गोष्ट बरेच मिस्त्री विसरतात आणि आमच्या गाडीचं नेमकं तेच झालं.

पहिल्यांदा मी ऑफिसच्या गडबडीत गाडी घराजवळच्या एका मोठ्या गॅरेजमधे टाकली, नाव लिहीत नाही. तिथं आधी सांगितलं की इंजिन खोलावं लागेल, दोन-अडीच हजार खर्च. मी म्हणालो फक्त लाइट पेटत नाही ओ, त्याला इंजिन कशाला, तर मग म्हणाले बघतो. संध्याकाळी गाडी मिळाली, लाइट पेटत होता, बिल 430 रुपये, त्यात स्विच 80 रुपये आणि मजुरी 350. मला वाटलं झालं काम. तीन आठवडे बरा चालला, मग कधी पेटायचा कधी नाही. सकाळी गार इंजिनला पेटायचा नाही, दोन किलोमीटर गेल्यावर पेटायचा, नंतर उलटं, गाडी न्यूट्रलला असूनपण विझलेला आणि जरा गिअरच्या पॅडलवर पाय ठेवून हलवलं की लुकलुक करायचा. अण्णांनी त्याच्याकडं बघायचंच सोडून दिलं, आणि माझ्या मते हे लाइट नसण्यापेक्षा वाईट, कारण लाइट नसला की माणूस सावध तरी असतो, असा कधी खरं कधी खोटं सांगणारा लाइट एक दिवस घात करतो.

मग महिन्याभरानं अंगणात तुळशीसमोर जिथं गाडी लागते तिथं फरशीवर ऑइलचा डाग दिसायला लागला. आधी रुपयाएवढा, मग बशीएवढा. हे मला जास्त घाबरवणारं वाटलं. आरएक्सला टू स्ट्रोक ऑइलची टाकी वेगळी असते, ते पेट्रोलबरोबर जळतं, आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं, आणि गिअरबॉक्सचं ऑइल असतंच पाऊण लिटरच्या आत, त्यावर गिअर आणि क्लचप्लेटा दोन्ही चालतात. ते कमी झालं तर मीटरमधे कुठला लाल लाइट लागत नाही. नवीन पोरांना वाटतं टू टी, म्हणजे ते टू स्ट्रोक ऑइल, भरलं म्हणजे ऑइल भरलं, तसं नाही, गिअरबॉक्स कोरडा पडला तर या गाडीचं जे काय व्हायचं ते लाखमोलाचं नुकसान आहे, कारण आता आरएक्सचे गिअर चांगले मिळत नाहीत.

तर एका रविवारी मी स्वतःच बसलो. सगळ्यात आधी जी तपासणी केली ती प्रत्येकानं करावी, त्याला मिस्त्री लागत नाही. डाव्या अंगाला इंजिनापासनं वर जाणाऱ्या वायरी आहेत, त्यातल्या आकाशी वायरीचा जोड शोधला, सुटा केला, चावी ऑन केली आणि वरनं येणाऱ्या वायरीचं उघडं टोक इंजिनाच्या एका साफ बोल्टला टेकवलं. हिरवा लाइट लख्ख पेटला. म्हणजे बल्ब चांगला, फ्यूज चांगला, बॅटरी चांगली, वरची सगळी वायर चांगली, दोष खाली स्विचमधे किंवा स्विचपर्यंतच्या वीतभर वायरीत. अर्ध्या मिनिटाचं काम. जर टेकवून पेटला नाही तर स्विच बदलून काही उपयोग नाही, आधी बॅटरी बघा, कारण आरएक्सचा हेडलाइट इंजिनच्या मॅग्नेटवर चालतो पण हा लाइट, हॉर्न, इंडिकेटर बॅटरीवर, आणि खूप जणांच्या आरएक्सची बॅटरी मेलेली असते किंवा काढूनच टाकलेली असते. आणि समजा लाइट गिअरमधेपण पेटलेलाच राहतोय तर ती वायर कुठंतरी सोलवटून बॉडीला टेकलीय असं समजा. करंट तपासायचा मल्टीमीटर असेल तर अजून सोपं, एक टोक स्विचच्या वायरीला, एक टोक इंजिनाला, न्यूट्रलला बीप यायला पाहिजे आणि बाकी कुठल्या गिअरला यायला नको. आमच्याकडं न्यूट्रलला चारदा टाकलं तर एकदा बीप यायचा.

आता पार्टचं. कोल्हापुरात मी चार दुकानं फिरलो, सगळीकडं तोच 70-80 रुपयाचा पार्ट, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीवर कुठल्या कंपनीचं नाव नाही. एका दुकानदारानं प्रामाणिकपणे सांगितलं की साहेब ओरिजिनल पाहिजे असेल तर पुण्यात नाना पेठेत बघा, जुना साठा एखाद्याकडं निघेल. मला तसंही पुढच्या आठवड्यात पुण्याला जायचं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नाना पेठ म्हणजे टू व्हीलरच्या पार्टांचा मोठा बाजार, बोळात शिरलं की दोन्ही बाजूला दुकानं, टाकीपासनं वायसरपर्यंत सगळं. तिसऱ्या दुकानात एका वयस्कर काकांनी आरएक्स म्हटल्याबरोबर पहिला प्रश्न विचारला, आरएक्स 100 का वनथर्टीफाय (म्हणजे आरएक्स 135), आणि चार गिअर का पाच? मला तेव्हाच कळलं की इथं काम होणार. मी जुना स्विच बरोबर नेला नव्हता, गाडीतच होता, पण फोटो होते. काकांनी आतनं एक पुठ्ठ्याचा डबा आणला, त्यात कंपनीची छापील पाकिटं, कडा पिवळ्या पडलेल्या, पार्ट नंबर छापलेला. 340 रुपये. मी जरा घुटमळलो, एवढ्याशा प्लॅस्टिकला 340. तर त्यांनी काय केलं, काउंटरवर एक कागद अंथरला, त्यावर हा ठेवला आणि शेजारी 80 रुपयेवाला ठेवला आणि म्हणाले घ्या हातात, बघा.

हातात घेतल्यावर जे दिसलं ते असं. स्वस्त पार्टचा पॉइंट प्लॅस्टिकच्या पातळीपेक्षा जरा आत बसलेला, नख फिरवलं तर नखाला खड्डा लागतो. पॉइंटच्या कडेला साच्यातनं निघालेली प्लॅस्टिकची पातळ पापडी, ती पॉइंटवर अर्धवट चढलेली. ओरिजिनलचा पॉइंट नखाला उंच लागतो, कडा साफ, वर काही नाही. ओरिंग, म्हणजे ऑइल अडवणारी रबराची गोल रिंग, तर दोघांची बघण्यासारखी, स्वस्तातली कडक, वाकवली तर पांढरी रेघ पडते, ओरिजिनलची इतकी वर्षं पाकिटात राहूनपण मऊ, दाबली की परत फुगते. आणि तिसरं म्हणजे वायर जिथं जोडायची तो टर्मिनल, स्वस्तातला बोटानं हलतो. हा टर्मिनल हलला की तिथनंपण ऑइल झिरपतं. मी लगेच दोन घेतले, एक बसवायला एक घरात ठेवायला. काकांनी वर दोन सुट्या ओरिंग दिल्या आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. म्हणाले, स्विच चालेल पण बसवणाऱ्यानं जुनी ओरिंग परत घातली तर मला शिव्या घालाल.

इथं एक सांगणं आहे, पाकिटावर छापलंय म्हणजे ओरिजिनल असं धरून चालू नका, आरएक्सला आज जेवढी मागणी आहे त्यात पाकिटाचीपण नक्कल होते. गाडी भारतात 1985 ला आली आणि 1996 ला बंद झाली, आणि तरी आज लोक तिच्या मागं आहेत, सुरवातीच्या जपानी पार्टवाल्या गाड्यांना तर लोक काय वाटेल ती किंमत देतात, मग नकली माल येणारच. पाकीट फोडून नखानं पॉइंट बघा, ओरिंग दाबून बघा, टर्मिनल हलवून बघा. दुकानदार फोडू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

आता कामाचं, आणि खरा रिव्ह्यू इथंच आहे. मला ऑफिसातल्या एकानं उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींचा पत्ता दिला. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीपण मामाच म्हणतो. शिवाजी उद्यमनगर म्हणजे फौंड्री, लेथ, वेल्डिंग, सगळीकडनं ठोकाठोकीचा आवाज, त्यातल्या एका गल्लीत दहा बाय बाराचा गाळा, वर बोर्डपण नाही, बाहेर चार आरएक्स आणि एक जुनी राजदूत. मी पहिल्यांदा गेलो तो सोमवार होता, गाळा बंद. मंगळवारी अण्णांनाच बरोबर घेऊन गेलो कारण ते म्हणाले माझ्या गाडीला कोण हात लावणार ते मी बघणार.

मामांनी आधी काय झालं ते अण्णांच्या तोंडनं ऐकून घेतलं, मला बोलूच दिलं नाही. कधी पेटतो, गार असताना का गरम, पडल्यावर काय लागलं, कुठल्या अंगावर पडली. मग गाडी मेन स्टँडला लावली आणि डाव्या अंगाच्या पायाखाली एक लाकडी फळी सारली म्हणजे गाडी जरा उजवीकडं कलली. मी विचारलं ऑइल काढणार नाही का, तर म्हणाले एवढी कलली की ऑइल पलीकडं जातं, दोन थेंब पडतील फक्त, सगळं ऑइल कशाला वाया घालवायचं. हेच साइड स्टँडवर ठेवून काढलं असतं तर गाडी डावीकडं झुकते आणि भोकातनं धारच लागली असती.

गिअरचं पॅडल काढायच्या आधी त्यांनी शाफ्टवर आणि पॅडलवर छिन्नीनं बारीक खूण केली. मग कव्हरचे स्क्रू. हे स्क्रू तीस वर्षात किती जणांनी खोललेले, डोकी झिजलेली, साधा स्क्रू ड्रायव्हर लावला की डोकं खाणार, तर मामांनी इम्पॅक्ट ड्रायव्हर लावला, वर हातोडीचा एक एक ठोका, आणि प्रत्येक स्क्रू सुटताना कट्ट असा आवाज. दोन स्क्रूची डोकी आधीच्या गॅरेजनं खाल्ली होती, ते त्यांनी बाजूला टाकून नवीन घेतले. कव्हर निघालं आणि आत जे होतं ते बघून अण्णांनी तोंड फिरवलं, चेनचं ग्रीस, माती, वाळलेला चिखल, सगळा लगदा, आणि त्या लगद्यातनं वाट काढत गेलेली ती बारीक आकाशी वायर, क्लिपमधनं निसटलेली आणि चेनला घासून एका जागी तांबं दिसायला लागलेलं. म्हणजे स्विच ओरिजिनल बसवला असता आणि ही वायर अशीच सोडली असती तर दोन महिन्यांत परत तेच. मामांनी आधी अर्धा तास नुसतं साफ केलं, डिझेल आणि ब्रशनं, मग हवा मारली, आणि सगळं कोरडं झाल्यावरच स्विचला हात लावला. भोक उघडं असताना माती आत गेली तर ती थेट गिअरमधे जाते, असं त्यांनी हेल्परच्या पोराला सांगितलं, आमच्यासाठी नाही, त्या पोराला शिकवत होते.

जुना, म्हणजे चार महिन्यापूर्वीचाच, स्विच निघाला. मामांनी तो फडक्यावर उलटा ठेवला आणि माझ्याकडं सरकवला. ओरिंग नव्हतीच. तिच्या जागी लाल रंगाचं सीलंट चोपडलेलं, जे गॅस्केटला लावतात ते, आणि स्क्रू आवळल्यावर ते आतल्या बाजूला फुगून आलेलं, आणि त्यातला तांदळाच्या दाण्याएवढा लाल ठिपका बरोबर पॉइंटच्या कडेवर येऊन बसलेला. मामांनी तो नखानं खरवडून माझ्या तळहातावर ठेवला. रबरासारखा. म्हणाले, हे बघा, हे रबर आहे, ह्यातनं करंट जातो का? गार असताना घट्ट, गरम झालं की जरा मऊ पडून सरकायचं, म्हणून तुमचा लाइट कधी पेटायचा कधी नाही. आणि स्क्रूचं एक कान चिरलेलं, प्लॅस्टिक आहे हे विसरून जोर लावलेला, तिथनं ऑइल. तीन महिन्यांचं कोडं तळहातावर ठेवलेलं बघून मला एकीकडं बरं वाटलं आणि एकीकडं राग आला, कारण एक ओरिंग किती रुपयाची असते, दहा, पंधरा, आणि ती न घालता एका म्हाताऱ्या माणसाच्या गाडीचं ऑइल महिनाभर गळत राहिलं.

पुढचं काम शांतपणे झालं. ड्रमच्या टोकाचा पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं एक दोनदाच हलका पुसला, पेट्रोलच्या फडक्यानं साफ केला. नवीन ओरिंगला बोटानं ऑइल लावून खाचेत बसवली, सगळीकडनं सारखी बसली का ते टॉर्च मारून बघितलं. सीलंट अजिबात नाही. स्क्रू ड्रायव्हर मुठीत धरून नाही तर बोटात धरून आवळले, आलटून पालटून थोडे थोडे, आणि शेवटी मनगटाचा एक हलका पीळ. वायरीचा खराब तुकडा कापून नवीन तुकडा सोल्डर केला, वर स्लीव्ह चढवली, परत क्लिपमधनं घेतली आणि चेन हातानं पूर्ण फेरा फिरवून बघितली की कुठं लागते का. कव्हर लावायच्या आधीच चावी ऑन करून अण्णांना वर बसवलं, पहिला, न्यूट्रल, दुसरा, न्यूट्रल, वीस वेळा. वीसच्या वीस वेळा हिरवा.

आणि आता जे सांगतो त्यासाठी मी हा सगळा रिव्ह्यू लिहायला घेतला असं म्हटलं तरी चालेल. पॅडल परत लावताना मामांनी खुणेवर लावलं, मग अण्णांच्या पायाकडं बघितलं. अण्णा कायम कोल्हापुरी घालतात, जाड तळाची, करकरणारी. मामा म्हणाले, काका, गिअर पाडताना टाच उचलावी लागते का तुम्हाला? अण्णा म्हणाले हो, या वर्षी जरा जास्तच, गुडघ्यामुळं असेल. मामांनी पॅडल काढलं, शाफ्टच्या दातांवर एक दात वर घेऊन लावलं, परत बसवलं, परत विचारलं. मग अण्णांनाच चप्पल घालून गल्लीत एक चक्कर मारायला लावली. अण्णा परत आले तेव्हा काही बोलले नाहीत, नुसतं मामांच्या खांद्यावर हात ठेवला. आधीच्या गॅरेजनं खूण न करता पॅडल एक दात खाली बसवलेलं, आणि आम्ही तीन महिने ते गुडघ्याच्या दुखण्यावर ढकलत होतो.

बिल झालं 300 रुपये मजुरी, स्क्रू, वायर, स्लीव्ह धरून 60, आणि गिअरबॉक्सचं ऑइल तपासलं तर बरंच कमी निघालं म्हणून सगळंच काढून नवीन भरलं, ते वेगळं. पार्ट माझा 340 चा. सगळं मिळून ऑइल सोडून 700 रुपये. पहिल्या वेळेला 430 गेले ते पाण्यात. वेळ गेला अडीच तास, त्यातला स्विच बदलायचा वेळ वीस मिनिटं असेल, बाकी सगळा साफसफाईचा आणि तपासायचा.

आठ महिन्यांचा अनुभव सांगतो. लाइट एकदापण चुकला नाही. जुलैमधे पंचगंगेचं पाणी वाढलं तेव्हा आमच्या भागात दोन दिवस रस्त्यावर पाणी होतं, गाडी त्यातनं आणली, कव्हरात पाणी गेलं असणार, तरी दुसऱ्या दिवशी लाइट बरोबर. ऑइलचा एक थेंब फरशीवर नाही, मी मुद्दाम महिनाभर खाली पांढरा पुठ्ठा टाकून ठेवला होता. एकच किरकोळ गोष्ट, नवीन स्विच बसल्यावर पहिले काही दिवस न्यूट्रलचा लाइट पहिल्या गिअरकडनं येताना क्षणभर उशिरा पेटायचा, मामांना फोनवर विचारलं तर म्हणाले पॉइंट एकमेकांत बसू द्या, आणि पंधरा दिवसांत ते आपोआप गेलं.

सेल्फ स्टार्टवाल्या गाड्या ज्यांच्याकडं आहेत त्यांनी तर हे अजिबात टाळू नका. बऱ्याच गाड्यांत सेल्फची वायरिंग याच न्यूट्रल स्विचमधनं आणि क्लचच्या स्विचमधनं जाते, म्हणून न्यूट्रल स्विच गेला की सेल्फ क्लच दाबल्याशिवाय लागतच नाही, आणि लोक बॅटरी बदलतात, स्टार्टर मोटर खोलतात, रिले बदलतात, आणि दोष असतो या एवढ्याशा गोल तुकड्यात. माझ्या चुलतभावाच्या गाडीला हेच झालं, त्याची नवी बॅटरी घेऊन झाल्यावर. आधी मीटरमधला एन पेटतोय का बघा, मग वायर सोडवून बॉडीला टेकवा, मग खर्च करा.

पार्टला मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा मार्क एवढ्यासाठी कमी की तो मिळवायला पुण्याला जावं लागलं. 80 रुपयेवाल्याला एक, तोपण का तर नाइलाजाला चार दिवस गाडी चालवायची असेल आणि तुम्ही स्वतः चांगली ओरिंग घालून पॉइंटवरची पापडी ब्लेडनं काढून बसवणार असाल तर. मामांना पाचपैकी पाच, आणि ते फक्त स्विचसाठी नाही.

जायचं असेल तर सोमवार सोडून जा, आणि सकाळी दहाच्या आत पोचा, नंतर बोअर-पिस्टनच्या गाड्यांची रांग लागते आणि लहान काम ते दुसऱ्या दिवसावर ढकलतात. आणि गाडी जो चालवतो त्यालाच बरोबर न्या, रोज घालतो ती चप्पल किंवा बूट पायात घालून.